कोणतं ठेवू?

वरच्या डाव्या सुळ्यावर रंगाचा शेवटचा हात द्यायचा राहिला होता, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. त्याने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. दाताचा रंग जुळवायचं काम खिडकीतला उजेड सरळ असतो तोवरच करता येतं, आणि दातांच्या लॅबमधल्या त्या खोलीत तो उजेड अकरा ते एक एवढाच टिकतो. मग समोरच्या इमारतीची विटकरी भिंत सगळ्यात आपला तांबूसपणा मिसळायला लागते आणि दहा माणसांचे दात एकाच घरातले वाटू लागतात. पण ब्रश हातात असतानाच नजर गेली आणि ‘राखणदार’ हा शब्द दिसला. कानगोष्टी या फोनवरच्या गटाचा कारभार बघणारं जे कोणी होतं, ते हे नाव लावायचं. गेल्या आठ वर्षांत राखणदाराने त्याला वेगळा असा एकही निरोप पाठवला नव्हता. त्याने तो उघडला. ‘नमस्कार. तुमच्या एकाच नंबरावर दोन खाती निघाली आहेत, जुना रेडिओ आणि स्पष्टवक्ता. नव्या नियमाप्रमाणे एका माणसाचं एकच खातं राहील आणि त्यावर त्याचं खरं नाव लागेल. कोणतं ठेवू? जे जाईल त्यावरचं लिखाणही जाईल. रविवारपर्यंत कळवा.’

त्यात रागाचा शब्द नव्हता. दुकानात मोठं पाकीट देऊ की लहान असं विचारतात, तसं विचारलं होतं. त्याने ब्रश पाण्यात बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला. शेजारच्या टेबलावर मेणाचे दात कोरणारी, जिला सगळी लॅब मेणवाली म्हणत असे, ती मान वर न करता म्हणाली, “काय झालं? घरचं काही?”

“नाही. एक विचारणा आहे.”

“मग सांगून मोकळे व्हा ना.”

त्याने हसल्यासारखं केलं आणि सुळा भट्टीत ठेवला. तो दोन छटा गडद निघाला. त्याला ते तेव्हा दिसलं नाही, हे विशेष. त्याला दिसलं नाही असं सत्तावीस वर्षांत फारसं झालं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर त्या निरोपातली दोन नावं शेजारी शेजारी उभी होती. ती दोन नावं आजवर एकाच ओळीत कधी आली नव्हती. निदान दुसऱ्या कुणाच्या हाताने तरी नाही.

त्याच्या कानात आवाज येत असे. दात घासून गुळगुळीत करायची छोटी मोटर असते, तिचा आवाज बारीक आणि चढा असतो, आणि ती मोटर त्याने तरुणपणापासून रोज पाच-सहा तास कानाशी धरली होती. एका रविवारी दुपारी, लॅब बंद असताना, जेवून आडवा झाला असता त्याला घरात ती ऐकू आली. उठून तो शेजाऱ्यांच्या दारापर्यंत जाऊन आला. मग नळ बघितले, फ्रिजची वायर काढली. आवाज त्याच्याबरोबर या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि हा जाणार नाही, पण सवय होईल, असं सांगितलं. मोठी बहीण, जिला तो अक्का म्हणे आणि जिच्याबरोबर तो राहत होता, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. ती म्हणाली, “तीस वर्षं माझ्या दोन्ही कानांत लोक भांडत होते. मला नाही काही झालं ते. तू डोक्यात घेतोस.” ती वाईट नव्हती. त्याच्यासाठी तिने घड्याळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं, टिकटिक नको म्हणून. टिकटिकीनेच उलट बरं वाटायचं हे तिला कसं सांगायचं ते त्याला कळलं नाही, आणि ते घड्याळ तिथेच राहिलं. ज्याला दुखतं खुपतं त्याला निदान बोट ठेवून दाखवता येतं. याला काय दाखवणार. तो घरात, लॅबमध्ये, रस्त्यावर गप्प होत गेला. लोकांना वाटलं, वय झालं.

कानगोष्टीत तो असाच शोधता शोधता पोचला. तिथे शे-दीडशे माणसं होती आणि प्रत्येकाच्या कानात काहीतरी वाजत होतं. कुणाच्या शिट्टी, कुणाच्या लांबवर चाललेला मिक्सर, एकाच्या तर बंद पडलेल्या कारखान्याचा भोंगा. खरं नाव कुणी सांगत नसे, कुणी विचारतही नसे. त्याने आपलं नाव जुना रेडिओ ठेवलं, कारण स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखं डोकं झालं होतं, आणि आठवड्याभरात तो सगळ्यांचा रेडिओदादा झाला. आयुष्यात त्याला कुणी दादा म्हटलं नव्हतं. घरात तो धाकटा आणि लॅबमध्ये सात नंबर. तिथे प्रत्येक कामावर चिठ्ठी लागते आणि चिठ्ठीवर करणाऱ्याचा नंबर असतो. कॅप बसली नाही तर ती चिठ्ठीसकट परत येते. बसली तर कुणी काही कळवत नाही. शहरात हजारो माणसं त्याने केलेल्या दातांनी चावत आणि हसत होती आणि त्यांतल्या एकालाही तो ठाऊक नव्हता. याचं त्याला दुःख होतं असं नाही. पण कानगोष्टीत त्याने चार ओळी लिहिल्या की खाली पाच-सहा जण ‘अगदी असंच, दादा’ म्हणून लिहीत, आणि ते वाचताना त्याच्या छातीत काहीतरी ऊब धरल्यासारखं होई.

मग सुतळी आली. तिने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, ‘माझ्या कानातला आवाज सुतळीसारखा आहे. कुणीतरी लांबच्या खोलीत बसून ती सारखी ओढतंय आणि ती संपत नाही. मला रागही येत नाही. ओढणाऱ्याचे हात दुखत असतील असं वाटतं.’ ते त्याने लॅबच्या जिन्यात उभं राहून वाचलं होतं. हातात साच्यांचा ट्रे होता आणि तो किती वेळ तसा धरून ठेवला हे त्याला कळलं नाही. त्याने खाली लिहिलं, ‘माझ्याकडचा माणूस मोटर चालवतो. तुमच्या माणसाला म्हणावं, मधूनमधून चहाला सोडत जा.’ तिने उत्तर दिलं, ‘विचारून सांगते.’ दुसऱ्या दिवशी तिने खरंच सांगितलं, ‘विचारलं. म्हणाला, रेडिओदादांचा सुटेल तेव्हा मीही सुटेन.’ असं ते सुरू झालं आणि तीन वर्षं चाललं. सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या मधोमध. खासगीत ती दोघं एकमेकांशी एकदाही बोलली नव्हती, तरी तिने एखाद्या तिऱ्हाइताला लिहिलेल्या वाक्यातही एक बारीक धागा त्याच्यासाठी सोडलेला असे आणि तो त्याला बरोबर सापडे. ती कुठल्या शहरात राहते, लग्न झालेलं आहे का, तीस वर्षांची की साठ, त्याला ठाऊक नव्हतं. एकदा तिने उजव्या खांद्यावर पिशवी घेतली की आवाज वाढतो असं लिहिलं होतं, तेव्हापासून तो रस्त्यात डाव्या खांद्यावर पिशवी घेतलेल्या बायकांकडे बघत असे. डाव्या खांद्यावर पिशवी घेणाऱ्या बायका किती असतात हे आधी कधी त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. दात बघून माणसाचं वय, सवयी, रात्री दात खातो की नाही, सगळं सांगणारा तो, तिच्या बाबतीत त्याच्यापाशी एक खांदा तेवढा होता.

नंतर मास्तर नावाचा एक जण आला. हा फार लिहीत नसे. वेगवेगळे आवाज टिपून तो गटात टाकायचा, शिलाई मशीन, जुना पंखा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पाण्याचे. कुठल्यातरी मोठ्या बंद जागेत पाणी हलत असल्याचा एक तुकडा त्याने टाकला आणि सुतळीने लिहिलं, ‘मास्तर, काल पहिल्यांदा ओढणारा माणूस झोपला. मीही झोपले. तुमचे फार उपकार.’ तीन वर्षांत त्याने तिला किती वाक्यं दिली होती. झोप दिली नव्हती. त्यानंतर ती मास्तरांना रोज काही ना काही लिहायला लागली. त्याच्या वाक्यांना उत्तर येई, पण धागा लागत नसे. की लागत होता आणि तोच ओढायला विसरत होता, कोण जाणे. मग एके दिवशी लॅबमध्ये मालक त्याच्यावर कशावरून तरी सगळ्यांसमोर ओरडले होते, तेही एक निमित्त होतं. पण ते नसतं तर आपण लिहिलं नसतं, असं तो स्वतःला कधी सांगू शकला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने नवं खातं काढलं. नंबर मागितला तो दिला. नंबर कोण बघतंय. नाव काय ठेवायचं हे ठरवायला त्याला एक मिनिटही लागलं नाही. स्पष्टवक्ता. आणि त्याने लिहिलं, ‘ज्यांना खरंच त्रास आहे ते असं नटवून लिहीत नाहीत. त्यांना वेळच नसतो. बाईंना आजार नाही, टाळ्या हव्यात.’

लिहिताना हात हलका झाला होता, हे त्याला आजही आठवे. कडक झालेलं प्लास्टर साच्यातून एका झटक्यात सुटावं तसं. तासाभरात आणखी दोघांनी त्याची री ओढली. एकाने लिहिलं, हेच आम्हाला केव्हापासून वाटत होतं. दुसऱ्याने सुतळीच्या जुन्या वाक्यांची नक्कल करून दाखवली, आणि लोक हसले. तो घाबरला. मग त्याने जे केलं त्याला तो स्वतःशीसुद्धा नाव देत नसे. जुना रेडिओ होऊन तो परत आला आणि त्याने लिहिलं, ‘तोंड लपवून बोलणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, सुतळीताई. आम्ही आहोत.’ त्यावर पहिल्यांदाच तिचा खासगी निरोप आला, ‘तुम्ही होतात म्हणून बरं वाटलं, दादा.’ स्पष्टवक्त्याला मात्र तिने सगळ्यांसमोर एका शब्दाचं उत्तर दिलं. ‘असेलही.’ आणि ती गेली. पुन्हा तिने एक अक्षर लिहिलं नाही. त्याला चौदा महिने झाले होते.

शुक्रवारी त्याने राखणदाराला फोन लावला. नव्या नियमांच्या यादीखाली राखणदाराने आपला नंबर तेवढा दिला होता. लॅबच्या मागच्या बाजूला, रिकामी प्लास्टरची पोती रचून ठेवतात तिथे तो उभा होता. पलीकडून वयस्कर बाईचा आवाज आला. राखणदार बाई असेल असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

“बोला. मला वाटलंच होतं, फोन कराल.”

“तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“सोमवारी कळलं. मी नंबरांची यादी लावत होते. आधी कधी बघायची वेळच आली नाही. ते तेलाचं प्रकरण झालं नसतं तर आताही आली नसती.”

तेलाचं प्रकरण गटात सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच माणसाने तीन नावांनी एका तेलाची तारीफ केली होती, एक नाव विचारणारं, दुसरं सांगणारं, तिसरं बरं झालेलं. आणि ते घालून एका बाईच्या कानाचा पडदा गेला. त्यावरून हा खऱ्या नावांचा नियम आला होता. त्या वेळी जुन्या रेडिओनेही नियमाच्या बाजूने चार ओळी लिहिल्या होत्या.

“कुणाला सांगणार आहात?”

“मी कशाला सांगू? माझं काम यादी लावायचं. एक सांगते. रेडिओ ठेवलात तर स्पष्टवक्त्याने लिहिलेलं सगळं पुसलं जाईल. कुणाला काही दिसणार नाही. निम्मे लोक असंच करतायत, वाईट खातं सोडतात आणि चांगलं ठेवतात. मी अडवत नाही. अडवण्यासारखं कलम नाही.”

“तिचा पत्ता असेल ना तुमच्याकडे? सुतळीचा?”

“आहे. देणार नाही.”

“एवढंच कळवायचं होतं, की…”

“तुम्हाला लिहायचं असेल तर लिहा. मी पोचवीन. पण खाली तुमचं नाव हवं. घरातलं, कागदपत्रांवरचं. रेडिओ-बिडिओ नाही.”

फोन ठेवल्यावर तो तिथेच उभा राहिला. कानातली मोटर चालू होती. आत खरी मोटरही चालू होती, मेणवाली कुणालातरी हाका मारत होती, आणि त्याला वाटलं, आपण आत जाऊन सात नंबरच्या टेबलावर बसावं, आणि रविवार आपोआप येऊन जावा.

पण दोन दिवस तो रेडिओचं सगळं लिखाण वाचत बसला. अक्काने दोनदा विचारलं, काय रे, कसली परीक्षा आहे. लॅबमध्ये वाचलं, चहाच्या दुकानात वाचलं, दाढी करताना फोन आरशाला टेकवून वाचलं. तीन वर्षं तिथे होती. मोटरवाला आणि सुतळीवाला एकदा तिच्या गोष्टीत फिरायला गेले होते आणि रस्ता चुकले होते. एकदा तिने विचारलं होतं, आवाज थांबला तर तुम्ही सगळ्यात आधी काय ऐकाल, आणि त्याने लिहिलं होतं, कुणी काही ऐकवलं, तर तेच. तिने पुढे काही लिहिलं नव्हतं. फक्त पुढच्या सकाळी, सगळ्यांना उद्देशून, सुप्रभात म्हटलं होतं, जे ती कधी म्हणत नसे. हे ठेवायचं असेल तर त्याला फक्त एक शब्द कळवायचा होता. रेडिओ. मग ते तीन ओळींचं घाणेरडं लिखाण जगातून नाहीसं झालं असतं, त्याखालची टवाळीही अर्धवट लोंबकळली असती, आणि वर त्याचं खरं नाव, स्वच्छ. आणि समजा ती कधी आली, कुठून तरी डोकावली, तर तिला दिसलं असतं की आपल्याला जे टोचलं ते कुणी म्हटलंच नव्हतं. तिला वाटलं असतं, आपल्यालाच भास झाला. कानात आवाज येणाऱ्या माणसाला लोक आयुष्यभर हेच सांगत असतात, की तुला भास होतो. हा विचार त्याच्या मनात आला तेव्हा तो रस्ता ओलांडत होता. तो मध्येच थांबला आणि एका मोटारवाल्याने त्याला जोरात हॉर्न दिला.

त्याच दुपारी तो सुळा परत आला. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, रंग जुळत नाही, आणि खाली सात हा आकडा गोल केला होता. मालक चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवून निघून गेले. त्याने कॅप उजेडात धरली. चूक स्पष्ट होती. त्याने ती बाजूला ठेवली, नवा साचा ओतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. रविवारी सकाळी त्याने राखणदाराला कळवलं, ‘स्पष्टवक्ता ठेवा. पत्र सोबत जोडलं आहे.’

पत्र लिहायला त्याला शनिवारची अख्खी संध्याकाळ लागली होती. पहिल्यांदा ते तीन पानं झालं. त्यात मालकांचं ओरडणं होतं, मास्तरांचा पाण्याचा आवाज होता, घड्याळ होतं, डावा खांदा होता. वाचल्यावर त्याला ते नटवलेलं वाटलं, आणि तो शब्द आठवून त्याचं तोंड कडू झालं. शेवटी एवढंच राहिलं, ‘स्पष्टवक्ता मी आहे. जुना रेडिओही मीच होतो. तुम्ही मास्तरांना लिहायला लागलात ते मला सहन झालं नाही. तुम्ही लिहीत होतात ते खरं होतं, हे मला ते लिहिताना माहीत होतं. माफी मागतो. उत्तराची अपेक्षा नाही.’ शेवटचं वाक्य खोटं होतं. पण ते काढलं तर पत्र मागायला आल्यासारखं दिसलं असतं, म्हणून राहू दिलं. खाली नाव लिहिताना त्याला एखाद्या अनोळखी माणसाची सही करतोय असं वाटलं.

सोमवारपासून गट बदलला. दीडशेतले सत्तर उरले. ज्याच्या कानात भोंगा वाजे तो एका बँकेतला अधिकारी निघाला आणि आता तो फक्त गोळ्यांची नावं विचारू लागला. नक्कल करून हसवणारा तीन मुलांचा बाप होता. त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि पुन्हा लिहिलं नाही. रडल्याचं, घाबरल्याचं, घरच्यांच्या त्रासाचं कुणी काही लिहीना. कुणी कुणाला टोचेनाही. दवाखान्याच्या बाकावर माणसं बसतात तशी सगळी बसली होती, पाय जवळ घेऊन. हे त्याला बघवत नव्हतं आणि तक्रार करायला तोंडही नव्हतं. रेडिओ गेला होता. सुतळीची जुनी उत्तरं मात्र राहिली होती, कारण तिचं खातं कुणी पुसलं नव्हतं. ‘विचारून सांगते’ असं ती म्हणत होती आणि वर कुणीच काही विचारलेलं नव्हतं. तिचं सगळं बोलणं आता रिकाम्या खोलीतल्या माणसाशी चालल्यासारखं दिसे. आणि खाली, त्या एका दुपारच्या तीन ओळींवर, त्याचं खरं नाव आणि चष्मा लावलेला फोटो. हा कोण आणि रेडिओ कुठे गेला, हे लोकांना कळायला दोन दिवस लागले. शिव्या कुणी दिल्या नाहीत. एका बाईंनी लिहिलं, ‘तुम्ही असं का केलंत हे विचारणार नाही, पण वाचून वाईट वाटलं.’ खाली त्यांचं पूर्ण नाव होतं. त्याला वाटलं, नाव न लावता शिवी दिली असती तर सोसली असती.

आठवड्याने मास्तरांनी खासगीत त्याचा नंबर मागून घेतला आणि फोन केला. नाव सांगून ते म्हणाले, “आपण एकाच शहरात आहोत. भेटता का? मी सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवतो.” तो गेला. मनाशी त्याने मार खायचीच तयारी केली होती. मास्तर सत्तरीचे निघाले, काटक, पोहणाऱ्यांचे असतात तसे खांदे, आणि कानांत पाणी जाऊन जाऊन दोन्ही कान निकामी होत आलेले, त्यामुळे ते मोठ्याने बोलत. दुपारची मुलं गेली होती. छताखाली पाणी हलत होतं, आणि तो आवाज त्याने लगेच ओळखला.

“मला वाटत होतं, ती माझ्यामुळे गेली,” मास्तर म्हणाले. “त्याच दिवशी सकाळी मी तिला वेगळं लिहिलं होतं. म्हटलं, एकदा इथे या, प्रत्यक्ष ऐका. या वयात. नंतर चौदा महिने लाज वाटत होती. चांगली बोलत होती, आपण कशाला हात पुढे केला.”

“तुमच्यामुळे नाही.”

“हो, वाचलं.” मास्तर पाण्याकडे बघत होते. “तुमच्यावर राग आला. मग बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं येतं बघा.”

दोघं बाकावर बसले. मास्तरांनी विचारलं, तुम्हाला ती कशी वाटायची. त्याने सांगितलं, उंच, सडपातळ, भरभर चालणारी. मास्तर हसले. त्यांच्या मनात ती बुटकी होती, जाडजूड, सावकाश, शाळेत शिकवणारी. दोघांनी मग तिच्याबद्दल आठवेल ते सांगितलं आणि त्यातलं काहीच जुळेना, फक्त वाक्यं जुळत होती. वाक्यं दोघांनाही पाठ होती. निघताना मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, जोरात, जरा जास्तच जोरात, आणि म्हणाले, “येत चला. पाण्यात डोकं घातलं की थोडं बरं वाटतं.” त्याला पोहता येत नव्हतं. तरी पुढच्या बुधवारी तो गेला.

तिचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं. तोवर त्याने वाट बघणं सोडलं होतं असं तो म्हणे, पण फोन थरथरला की त्याचा ब्रश थांबे. राखणदार बाईंनी ते न उघडता जसंच्या तसं पुढे पाठवलं होतं. संध्याकाळची वेळ होती, अक्का पलंगावर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. त्यात तीनच वाक्यं होती. ‘पत्र मिळालं. वाचलं. यापुढे मला लिहू नका.’ त्याने ते वाचलं, आणि पुन्हा वाचलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्या तीन वाक्यांच्या वर, वेगळ्या ओळीत, त्याचं नाव आहे. त्याच्या नावात एक दीर्घ वेलांटी आहे. ती सगळे ऱ्हस्व लिहितात, बँकेत, डॉक्टरांकडे, लॅबच्या पगाराच्या पाकिटावर; त्याने पन्नास वर्षांत ती दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं. तिने दीर्घ लिहिली होती. म्हणजे तिने पत्र समोर ठेवून, बघून, अक्षर अक्षर उतरवून घेतलं असणार.

“कुणाचं आहे?” अक्काने विचारलं. चादरीचं एक टोक तिने त्याच्याकडे धरलं होतं.

त्याने फोन खिशात ठेवला, टोक हातात घेतलं, आणि दोघांनी चादर ताणली.

“सांगतो,” तो म्हणाला. “जरा मोठी गोष्ट आहे. बस तू आधी.”